सांध्यातला गंज

माझ्या प्रत्येक कुर्त्याला उजव्या बाजूला एक जादा खिसा असतो. आमचे शिंपीकाका आता विचारतही नाहीत. कापड हातात घेतलं की आपणहून म्हणतात, "ताई, चाकूचा खिसा ना? आतून खाकीचं अस्तर लावतो." साध्या सुती खिशाला दोन महिन्यांत भोक पडतं, खाकी वर्षभर तग धरते.

गेली एकोणीस वर्षं मी पुण्यात लोकांच्या गच्च्यांवर बागा लावून देते आणि त्यांची निगा राखते. कोथरूड, कर्वेनगर, वडगाव, धायरी असा माझा रोजचा फेरा. दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी चाकू खिशातून बाहेर येतो. सुतळी कापायची, शेणखताच्या गोणीची शिवण उसवायची, ठिबकची नळी तोडायची, कोकोपीटच्या विटेवरचं प्लास्टिक फाडायचं, वाळकी काडी छाटायची. मध्येच कुणी आजी आग्रहाने पेरू हातात ठेवतात, त्याच्या फोडी करायच्या. हात सतत ओले, नाहीतर मातीचे, नाहीतर घामाने चिकट. म्हणून खिशात चाकू बाळगणाऱ्या इतर कुणाहीपेक्षा मला गंजाचा प्रश्न रोज भेटतो.

मार्चमध्ये भाचीचा फोन आला. ती खाडीतल्या खेकड्यांवर संशोधन करते. महिन्यातले दहा-बारा दिवस आंजर्ल्याकडे गुडघाभर चिखलात उभी असते. म्हणाली, "मावशी, माझे दोन चाकू गंजून गेले. तू रोज वापरतेस. गंजणारच नाही असा एक घडीचा चाकू सांग ना."

जिभेवर एक नाव आलं होतं, पण ते मी गिळलं. माझी गच्ची आणि तिची खाडी यांत फार फरक आहे. तिला नीट उत्तर द्यायचं म्हणून घरातले सगळे चाकू टेबलावर मांडले, जुन्या वह्या काढल्या, आणि जे तिला हळूहळू सांगत गेले तेच इथे लिहिते आहे.

सुरुवात अण्णांच्या चाकूपासून. माझे वडील रोपवाटिकेत कलमं बांधायचे. त्यांचा चाकू शिंगाच्या मुठीचा, पातं साध्या कार्बन पोलादाचं. तो आता माझ्याकडे आहे. पातं नवं असताना चांदीसारखं असणार, पण मी पाहिलं ते तव्यासारखं काळसर, मध्ये निळी-जांभळी झाक. हा काळा थरही एका अर्थी गंजच, पण घट्ट बसणारा, पोलादाला आत आणखी खाऊ न देणारा. तांबडा गंज मात्र भुसभुशीत असतो, पापुद्रा सुटतो आणि खालचं नवं लोखंड उघडं पडतं. अण्णा काम संपलं की पातं धोतराच्या सोग्याला पुसायचे, मग खोबरेल तेलाच्या बोळ्याने एकदा वरून, एकदा खालून. मग फडक्यात गुंडाळून कोनाड्यात. चाळीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. गुलाबाचा डोळा भरताना मी अजूनही तोच चाकू घेते, कारण सालीत 'टी'चा छेद देताना त्या पात्याइतकी बारीक धार मला दुसऱ्या कशात सापडलेली नाही. साल फाटत नाही, सुटते.

पण तो चाकू रोज खिशात घालता येत नाही. अण्णांचं काम एका जागी चालायचं, कोनाडा हाताशी. माझा चाकू दुपारी तीन वाजता अर्धवट पुसलेला खिशात जातो आणि रात्री नऊला आठवतो.

म्हणून काम सुरू केलं त्या वर्षी रविवार पेठेत बोहरी आळीत गेले आणि एक घडीचा चाकू घेतला. पात्यावर इंग्रजीत 'स्टेनलेस' असं ठळक कोरलेलं. दुकानदार म्हणाले, "बिनधास्त वापरा." पहिल्या उन्हाळ्यातच पात्यावर बारीक तांबडे ठिपके आले. बराच काळ माझ्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती, ती अचानक दिसली: ठिपके एकाच बाजूला होते. जी बाजू खिशात अंगाकडे राहायची तीच गंजलेली, बाहेरची स्वच्छ. म्हणजे पाऊस नाही, नळाचं पाणी नाही, माझा घाम. एप्रिलमधल्या गच्चीवर अंगातून येणारं मीठ कापडातून झिरपून तिथे पोचत होतं. खिशाला खाकीचं जाड अस्तर लावायला सुरुवात केली ती तेव्हा.

इथे थोडं पोलादाबद्दल सांगायला हवं, कारण दुकानात आणि जाहिरातीत याच जागी गोंधळ होतो.

पोलादात क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये असं पोलाद ओतलं आणि सुऱ्या-काट्यांचं जग बदललं. क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी जुळून पात्यावर ऑक्साइडचा एक थर धरतं. थर इतका पातळ, की मिलिमीटरचे एक लाख भाग केले तर त्यातल्या एकाहूनही कमी. ओरखडा पडला तरी हवा लागताच तो आपोआप भरून येतो, जखमेवर खपली धरावी तसा. या थराचे वैरी दोन. एक क्लोराइड, म्हणजे मिठातला तो भाग, जो थराला सुईने टोचल्यासारखी भोकं पाडतो. आणि दुसरा, हवा न मिळणं. हवा नाही तर खपली धरत नाही.

आता धारेचं. धार टिकायला पोलाद कठीण हवं आणि त्यासाठी कार्बन हवा. पण कार्बन क्रोमियमला आपल्याकडे ओढतो, दोघांचे कार्बाइडचे कण बनतात, आणि तेवढं क्रोमियम गंज अडवायला उरत नाही. म्हणून नुसता क्रोमियमचा आकडा विचारून भागत नाही, कार्बन किती हेही विचारावं लागतं. डी२ नावाचं पोलाद घडीच्या चाकूंत फार चालतं. त्यात क्रोमियम जवळपास बारा टक्के, ऐकायला छान. पण कार्बन दीड टक्का. त्यामुळे मोकळं उरलेलं क्रोमियम स्टेनलेसच्या रेषेखाली येतं. धार उत्तम टिकते, आणि पावसाळ्यात डागही उत्तम पडतात. उलट व्हिक्टोरिनॉक्सच्या लाल चाकूंचं पोलाद: कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास, क्रोमियम चौदाच्या घरात, कठीणपणा मोजायच्या रॉकवेल मापावर ५५-५६. जाणकार लोक याला मऊ म्हणून नाक मुरडतात. मी मुरडत नाही. पंधरवड्यातून एकदा पाच मिनिटं सहाणेवर फिरवला की तो पुन्हा टोमॅटोची साल दाबल्याविना उतरवतो.

त्या कंपनीच्या नावाची गोष्टही मला आवडते. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाखला कारखाना काढला. १९०९ मध्ये आई गेल्यावर तिचं नाव, व्हिक्टोरिया, मालाला दिलं. १९२१ मध्ये स्टेनलेस पोलाद वापरायला लागले तेव्हा फ्रेंच भाषेत न गंजणाऱ्यासाठी जो 'इनॉक्स' शब्द आहे तो आईच्या नावाला जोडला. आई आणि न गंजणं, दोन्ही एका शब्दात.

तर बोहरी आळीतल्या चाकूनंतर मी बरीच वर्षं पोलादाचीच नावं पाठ करत होते. चांगलं पोलाद घेतलं की प्रश्न सुटला, अशी माझी पक्की समजूत होती. ती २०२४ च्या जुलैत मोडली.

२५ जुलैला पहाटे मुठेचं पाणी सिंहगड रोडवरच्या नदीकाठच्या सोसायट्यांमध्ये शिरलं. एकतानगरीतल्या लोकांना बोटींतून बाहेर काढावं लागलं, हे पुणेकरांना सांगायला नको. माझं सामान त्याच भागात एका इमारतीच्या पार्किंगमधल्या खोलीत असायचं. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्यापुढे माझं नुकसान काहीच नाही, पण कॅनव्हासची हत्यारांची पिशवी तिथे राहिली होती आणि ती मला पाचव्या दिवशी गाळाखालून मिळाली. आत तीन घडीचे चाकू होते. अण्णांचा घरी होता म्हणून वाचला.

अंगणात तीन बादल्या मांडून बसले. गाळ करडा, लोण्यासारखा मऊ, वासाला गटाराचा.

पहिला हाती आला डी२ चा. हौसेने घेतलेला, अंगठ्याने खटका दिला की पातं बाहेर झेपावणारा, सांध्यात बॉल बेअरिंग. पात्याचा जेवढा भाग दिसत होता त्यावर तपकिरी ठिपके, पण ओल्या फडक्याने अर्धे निघाले. मला हायसं वाटलं. मग खटका दिला. पातं हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा वाळूत पाय घासावा तसा आवाज करत अर्ध्यावर आलं आणि अडकलं. मूठ खोलायला घेतली. टॉर्क्सचे, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू, आठ नंबरचा ड्रायव्हर. तीनांतला एक निघाला, दोनांचं डोकं आतून गोल झालं, कारण स्क्रूच गंजून मुठीला चिकटले होते. शेवटी शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्या दादांनी ते ड्रिल मारून काढले. आत पाहिलं तर सांध्यात तांबडी लापशी. बेअरिंगच्या मोहरीएवढ्या गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या, लायनरची, म्हणजे मुठीच्या आतल्या पत्र्याची, आतली बाजू खरखरीत, आणि पात्याचा जो गोल भाग मुठीत लपतो त्यावर नखाने जाणवतील असे खड्डे. जे पातं बाहेरून पुसता येत होतं तेच आतून खाल्लं गेलं होतं.

दुसरा ओपिनेल, आठ नंबरचा. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये बनवलेला हा चाकू आजही जवळपास तसाच बनतो: बीच लाकडाची मूठ, एक पातं, आणि १९५५ पासून मानेवर फिरणारी एक कडी, जी पातं अडकवून ठेवते. माझा कार्बन पोलादाचा होता. लाकूड पाणी पिऊन असं फुगलं होतं की पातं खाचेत गच्च बसलेलं, नखाने निघेना. ओपिनेलवाल्यांची एक जुनी युक्ती आहे: मुठीचं मागचं टोक ओट्यावर ठोकायचं, की पातं थोडं बाहेर येतं. पाच-सहा वेळा ठोकल्यावर आलं. पातं काळंतांबडं. पण या चाकूचा सांधा म्हणजे लाकडातून गेलेला एक खिळा, बस. आठवडाभर सावलीत वाळवला, बारीक पॉलिश पेपरने गंज उतरवला, लाकडाला जवसाचं तेल चोळलं. वाचला. पण तेव्हापासून पावसाळ्यात तो घरीच ठेवते. दमट हवेतही त्याची मूठ घट्ट होते, आणि एका हातात रोपाची मुळं धरून दुसऱ्या हाताने ओट्यावर चाकू ठोकत बसता येत नाही.

तिसरा व्हिक्टोरिनॉक्सचा पायोनिअर, ९३ मिलिमीटरचा, अ‍ॅल्युमिनियमच्या खरखरीत मुठीचा. उघडताना कचकच आवाज आला, पण उघडला. कोमट पाण्यात बुडवून पातं, दाभण, दोन्ही ओपनर आठ-दहा वेळा उघडले-मिटले. प्रत्येक वेळी पाण्यात करड्या धुराची रेघ सुटायची. चौथ्या पाण्याला रेघ थांबली. दाभणाच्या टोकाला एक तपकिरी डाग होता, तो खाण्याच्या सोड्याच्या लेपाने गेला. पुसून, पंख्याखाली रात्रभर उघडा ठेवला, सकाळी सांध्यात तेलाचा एक थेंब. दुपारी तो खिशात होता.

हे तिन्ही चाकू पाच दिवस एकाच पाण्यात, एकाच पिशवीत होते. त्या दिवसापासून माझी चाकू निवडायची रीत उलटली. आधी पातं बघायचे, आता आधी सांधा बघते.

कारण साधं आहे. चाकू पुसताना आपण पातं पुसतो. घडीच्या चाकूचा निम्मा भाग आपल्याला दिसतच नाही: पात्याचं मूळ, दोन वॉशर, स्प्रिंग, लॉकची पट्टी, स्क्रूंचे आटे. खिशातला घाम, लिंबाचा रस, पावसाचं पाणी तिथे वातीत तेल चढावं तसं ओढलं जातं आणि तिथून सुकत नाही. आत हवा पोचत नाही, म्हणून ती ऑक्साइडची खपली धरत नाही, आणि पाणी आटत जाईल तसं मीठ मात्र तिथेच घट्ट होत जातं. थराचे दोन्ही वैरी एकाच फटीत. त्यात कित्येक कंपन्या पात्याला नामांकित पोलाद वापरतात आणि स्क्रू, लायनर, बेअरिंगला हलकं. पात्यावर नाव कोरता येतं, स्क्रूवर कोण कोरणार!

तेव्हा दुकानात चाकू हातात घेतलात तर तो उघडून उजेडासमोर आडवा धरा आणि मुठीच्या मागच्या बाजूने आरपार बघा. पलीकडचा उजेड दिसला, म्हणजे पाठ मोकळी असली, तर नळाची धार एका बाजूने शिरून दुसरीकडून माती घेऊन बाहेर पडेल. पाठ बंद असेल तर आतला गाळ आतच वाळेल. पायोनिअरची पाठ बंद आहे, स्प्रिंगाच त्याची पाठ, पण त्याला स्क्रू नाहीत, बेअरिंग नाहीत, लायनर अ‍ॅल्युमिनियमचे, आणि पोटाकडून कप्पे उघडे; बुडवून हलवला की धुतला जातो. सांध्यात बेअरिंगपेक्षा साधे ब्राँझचे वॉशर बरे. बेअरिंगने पातं लोण्यासारखं फिरतं हे खरं, पण बागेत, चिखलात, समुद्रावर त्या मऊपणाचा उपयोग नाही आणि माती अडकायला जागा मात्र भरपूर. पात्याचा पोत पण बघा. वाळूचा फवारा मारून केलेला मॅट करडा पोत दिसायला देखणा, पण त्याच्या बारीक खळग्यांत पाणी धरून राहतं. चकचकीत किंवा बारीक घासलेलं पातं त्याच पोलादाचं असूनही जास्त टिकतं. मुठीसाठी पितळ-शिंग-लाकूड हे सगळं मनाला आवडतं, पण रोजच्या ओल्या कामाला अ‍ॅल्युमिनियम किंवा काचतंतू घातलेलं प्लास्टिक. टायटॅनियम गंजत नाही, पण त्यासाठी एवढे पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

लॉकबद्दल मतं फार आहेत. पायोनिअरला लॉक नाही, नुसती स्प्रिंग. टोक खुपसायचं काम असेल तर असा चाकू बोटांवर मिटू शकतो, म्हणून खुपसण्यासाठी मी दाभण वापरते. ग्रो बॅगला भोकं पाडायला तेच उत्तम. लॉकचा चाकू घ्याल तर एक लक्षात ठेवा: लॉकची पट्टी पात्याच्या मुळाशी जिथे टेकते तिथे गंज धरला की पकड बदलते. माझ्या त्या डी२ चं लॉक पुराच्या आधीच्या पावसाळ्यात एकदा सटकलं होतं. डाव्या तर्जनीवर तीन टाके पडले. तेव्हा मी माझ्या पकडीला दोष दिला होता. आता वाटतं, गंज तेव्हाच आत शिरला होता.

पुण्याच्या पावसाचं लोक मला फार विचारतात. खरं सांगते, पावसाचं पाणी त्यामानाने गरीब. माझ्या चाकूंना सर्वांत जास्त त्रास दिला तो कैरी, लिंबू आणि पोटॅश यांनी. बागेसाठी दुकानातून येणारं लाल-पांढरं पोटॅश बहुतेक वेळा म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मिठाचा सख्खा भाऊ. त्याची पिशवी फाडलेला चाकू न धुता खिशात गेला, की घाम त्याला ओलावा पुरवतो आणि बाकीचं काम आपोआप होतं. हे कळल्यावर मी खतांच्या पिशव्या कात्रीने कापायला लागले.

भाचीसाठी एक प्रयोग केला. लिंबाच्या चकत्यांना मीठ लावून घरातल्या पात्यांवर रात्रभर ठेवल्या. ओपिनेलचं कार्बन पातं पाच मिनिटांत करडं आणि सकाळी काळं झालं होतं, कडेला तांबडी किनार. डी२ चं उरलेलं पातं मी जपून ठेवलं होतं, त्यावर चकतीच्या आकाराचा ठिपक्यांचा गोल उमटला. पायोनिअर धुतल्यावर स्वच्छ. एका रात्रीचा हा खेळ, पण तिला फोटो पाठवले आणि तिने विचारलं, "आणि महिनाभर खाडीत?" रास्त प्रश्न. रोज समुद्राचं पाणी, तेही चिखलासकट, म्हणजे पायोनिअरसारख्या पोलादालाही कधीतरी टोचे पडणारच.

तिथे वेगळ्या जातीचं पोलाद लागतं. कार्बनचं बरंचसं काम नायट्रोजनकडून करून घ्यायचं, ही त्यामागची कल्पना. नायट्रोजन पोलादाला कठीण करतो, पण कार्बनसारखा क्रोमियमला धरून बसत नाही, त्यामुळे क्रोमियम गंजाशी लढायला मोकळं राहतं. एलसी२००एन हे त्यातलं एक: क्रोमियम सुमारे १५ टक्के, कार्बन जेमतेम ०.३, नायट्रोजन ०.४. याच घडणीचं पोलाद क्रोनिडर ३० या नावाने विमान आणि अवकाशयानांच्या बेअरिंगांत वापरलं जातं. जपानी एच१ त्याहून जुनं, त्यात कार्बन आणखी कमी. समुद्रात ते अजिबात हार मानत नाही, पण साध्या, म्हणजे दात नसलेल्या धारेला लवकर बोथट होतं. २०२१ मध्ये धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी आणलेलं मॅग्नाकट तर मला या सगळ्यांत बुद्धिमान वाटतं. त्यात क्रोमियम अकरा टक्क्यांच्याही आत आहे, पण कार्बाइड बनवायचं काम व्हॅनेडियम आणि निओबियमकडे दिलंय, म्हणून क्रोमियम जवळपास सगळं मोकळं. आकडा लहान असून गंजाला पुरून उरतं. डी२ च्या अगदी उलट कहाणी.

भाचीने शेवटी स्पायडरको कंपनीच्या 'सॉल्ट' मालिकेतला एलसी२००एन चा चाकू घेतला, पिवळ्या मुठीचा. पिवळा माझ्या आग्रहाने. चिखलात पडला तर दिसायला हवा. धारेला करवती दात, कारण तिला ओले दोर कापायचे असतात. महाग पडला. तिच्या मैत्रिणीचा भाऊ परदेशातून येताना घेऊन आला, अर्थात चेक-इन सामानात. विमानात हातातल्या पिशवीत असा चाकू चालत नाही, हे लोक अजून विसरतात.

कायद्याचंही विचारलं तिने, आणि विचारायलाच हवं. शस्त्र कायद्याच्या नियमांत परवान्याची बाब येते ती नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या कामाची हत्यारं वगळलेली आहेत. तीन इंचांचा घडीचा चाकू त्यापासून खूप दूर. पण सण, मोर्चे, निवडणुका अशा वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रं बाळगायला बंदीचे आदेश निघतात. गणपतीच्या दहा दिवसांत मी पेठांमध्ये जाताना चाकू घरी ठेवते. कामाचं हत्यार आहे, गर्दीत त्याचं काय काम!

आता निगेचं थोडं. अण्णांचं खोबरेल तेल उघड्या पात्याला छान, सांध्यात मात्र नको. पुण्याच्या डिसेंबरात ते गोठतं, आणि एरवी हळूहळू चिकट होऊन धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण त्याच चाकूने मी फळं कापते, म्हणून औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिनची बाटली आणते. एक बाटली वर्षानुवर्षं पुरते. काडीच्या टोकाने एक थेंब सांध्यात, पाच वेळा उघडमीट, जादाचं पुसून टाकायचं. धार लावायला सायकलवरच्या चाकावर देऊ नका. ठिणग्या उडतात म्हणजे कड तापते, तापून निळी पडली की तिथला कठीणपणा गेला आणि गंजाला अडवायची ताकदही कमी झाली. लोखंडी तारेच्या घासणीने घासू नका. तिचे कण पात्यात रुततात आणि तेच आधी गंजून डाग पाडतात, आणि आपण उगीच पात्याला नावं ठेवतो.

रोज रात्रीचं माझं काम एवढंच: चाकू उघडायचा, नळाखाली धरून सांध्यात धार सोडायची, झटकायचा, पुसायचा आणि मिटायचा नाही. उघडाच स्वयंपाकघराच्या खिडकीत, पातं भिंतीकडे करून. सकाळी मिटून खिशात.

मेच्या शेवटी भाची पुण्याला आली. आल्या आल्या पिवळा चाकू माझ्या हातात दिला, "बघ." दोन महिने खाडीत होता. पाठीच्या फटीत चिखल वाळून दगड झालेला, मुठीवर कशाचे तरी पांढरे कवच चिकटलेले. धुवायची तिची शिस्त कशी आहे ते कळलंच. बादलीत भिजत घातला, तासाभराने टूथब्रशने फटी घासल्या, सांध्यात थेंब टाकला आणि पाच-सहा वेळा उघडून-मिटून पांढऱ्या मलमलीच्या फडक्याची घडी आत सरकवून फिरवली. बाहेर काढली. फडक्यावर काळं आलं होतं, करडं आलं होतं. उजेडात नेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं, तांबडं कुठेच नव्हतं.

टेबलावर कैऱ्या होत्या. चाकू तिच्याकडे दिला आणि म्हटलं, "घे, आता पन्ह्यासाठी साली काढ."